माझ्या पेशी, तुझी कातडी

ताई,

तुझ्या बाराव्याला आलेल्या बायकांनी मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. शेवटी झालं काय होतं गं तिला? एकीला मी सांगितलं न्यूमोनिया, दुसरीला सांगितलं इन्फेक्शन, तिसरीला नुसतं म्हणाले, नशीब. तिघींनीही मान हलवली आणि "म्हणजे कॅन्सर उलटला" असं आपलं आपण ठरवून टाकलं. उलटला नव्हता, ताई. तुझ्या शेवटच्या तपासणीत कॅन्सरची एकही पेशी सापडली नव्हती. हे त्यांना सांगावंसं फार वाटत होतं, पण सांगितलं नाही, कारण मग पुढचा प्रश्न आला असता. मग गेली कशाने?

त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्यापाशी आहे. इतके दिवस ते पोटात घेऊन हिंडते आहे. दुकान उघडते, मापं घेते, कात्री हातात धरते आणि तशीच बसून राहते. काल एका बाईच्या ब्लाउजचा गळा पुढचा मागे आणि मागचा पुढे कापला. कापड तिच्या मुलीने पहिल्या पगारातून आणलेलं होतं. मी घाबरले. म्हणून आज शटर अर्धं खाली ओढून तुला लिहायला बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, नीतू, आधी बोल, मग रड. दोन्ही एकदम करू नकोस.

मला पहिला डाग आला तेव्हा मी नववीत होते. आईला वाटलं नायटा आहे. तिने लिंबू चोळलं, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळी घातल्या, आपल्या बेलपाडा गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं सगळं लावून झालं. मग पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, सोरायसिस आहे, आपल्याच शरीराची संरक्षणाची फौज कातडीच्या मागे लागते, पूर्ण जात नाही, पण एकाचं दुसऱ्याला लागत नाही. यातलं शेवटचं वाक्य गावात कुणालाच पटलं नाही. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना. तू अकरावीत होतीस. एक दिवस तू शाळेच्या गेटपाशी येऊन उभी राहिलीस, माझ्या बाकावरून उठलेल्या मुलीला म्हणालीस, "मी हिच्याच चादरीत झोपते, बघ माझे हात." घरी तू माझा टॉवेल कधी वेगळा केला नाहीस. हे मी आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिलं की हे विसरायला होईल.

पुढचं म्हणजे तुझी हळद.

अंगणात मांडव होता, धवलारणी लग्नाची गाणी गात होत्या, आणि तू मला आतल्या खोलीत बोलावलंस. माझ्या पदराला पिन लावता लावता म्हणालीस, "नीतू, लांब हाताचा ब्लाउज घाल हां. आणि हळद लावायला पुढे येऊ नकोस. त्यांच्याकडची माणसं बघतील, मग उद्या मलाच विचारतील." तू हे अगदी हळू आवाजात सांगितलंस. पिन टोचू नये म्हणून तू मध्ये तुझं बोट धरलं होतंस, तेही मला आठवतं. मी हो म्हणाले. सगळ्या बहिणी, चुलत, मावस, तुझ्या गालांना हळद फासत होत्या आणि मी स्वयंपाकघराच्या दारात रिकामं ताट घेऊन उभी होते. लांब हाताचा ब्लाउज माझ्याकडे नव्हता. आदल्या रात्री मामीच्या जुन्या ब्लाउजला बाह्या जोडून मी तो स्वतःच शिवला होता, म्हणजे तू सांगायच्या आधीच मला कळलं होतं. मी शिवलेला तो पहिला ब्लाउज.

त्यानंतर वीस वर्षं आपण त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नाही. तू पनवेलला नांदायला गेलीस, मी पनवेललाच दुकान थाटलं, माझी स्थळं येत राहिली आणि जात राहिली. आठवड्यातून दोनदा तू दुकानात यायचीस, चहा प्यायचीस, तुझ्या लेकीचे, आर्याचे फ्रॉक शिवून घ्यायचीस. आपण सगळ्या जगाबद्दल बोललो, तेवढं एक सोडून.

मग तुझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मांड्यांवर न आपटता काळेनिळे डाग पडायला लागले. भावोजी तळोज्याच्या केमिकल कंपनीत रात्रपाळी करून आलेले, तसेच तुला रक्त तपासायला घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत आपण सगळे त्या मोठ्या रुग्णालयाच्या बाकावर बसलेलो होतो. ब्लड कॅन्सर. भावोजी प्रत्येक डॉक्टरला एकच विचारत होते, "माझ्या कपड्यांना कंपनीचा वास येतो, ते ही धुते, त्यामुळे झालं का?" प्रत्येक जण सांगत होता की असं म्हणता येत नाही. ते सुटल्यासारखे दिसायचे, आणि पुढच्या डॉक्टरला पुन्हा तेच विचारायचे. तेव्हा मला त्यांचा थोडा राग यायचा. आता येत नाही.

केमोने तुझं रक्त साफ झालं, पण डॉक्टर म्हणाले, हे टिकणार नाही, बहिणीच्या किंवा भावाच्या मूळ पेशी घालाव्या लागतील. आपण दोघीच. माझं रक्त तपासलं, रक्तगट वेगळा निघाला, पण पेशी तुझ्याशी शंभर टक्के जुळल्या. आई त्या दिवशी रुग्णालयाच्या पायऱ्यांवरच बसली. "माज्या दोनी पोरी सारक्याच निगाल्या," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. "कातडीवरना वाटाचं नाय, पन आतून सारक्याच हायेत."

आता ती खोली. ताई, सगळं तिथून सुरू होतं, म्हणून नीट लिहिते. ट्रान्सप्लांटच्या आधी डॉक्टरांनी आपल्याला समोरासमोर बसवलं आणि धोके सांगायला सुरुवात केली. केस जातील, तोंड येईल, इन्फेक्शन होऊ शकतं, माझ्या पेशी तुझ्या शरीराला परकं समजून त्यावर हल्ला करू शकतात. तू प्रत्येक वाक्याला मान हलवत होतीस आणि काचेतून बाहेर आर्याकडे बघत होतीस. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्हाला सोरायसिस आहे. क्वचित असं होतं की दात्याचा हा आजार पेशींबरोबर पलीकडे जातो. नेहमी नाही. पण होऊ शकतं. आत्ता आपल्यासमोर जीव वाचवण्याचा प्रश्न आहे." तू त्यालाही तशीच मान हलवलीस. कागद पुढे आला, तू सही केलीस.

मला दिसलं होतं की तू ऐकलेलं नाही. परत येताना रिक्षात मी तीनदा तोंड उघडलं. तू नको म्हणशील, याची भीती नव्हती. तू हो म्हणशील, पण त्याआधी एक क्षण तुझ्या तोंडावर काहीतरी येईल, पिन लावताना आलं होतं तसं, आणि ते मला बघावं लागेल, याची भीती होती. मी गप्प बसले.

पेशी रक्तात याव्यात म्हणून मला पाच दिवस इंजेक्शनं दिली. हाडं आतून ठणकायची. आणि त्या इंजेक्शनांनी माझं अंग पेटलं. पाठ, गुडघे, डोक्याची कातडी, सगळीकडे लाल चट्टे आणि त्यावर पांढरे पापुद्रे. मशीनला जोडलं त्या दिवशी शीर शोधणारी मुलगी माझा हात हातात घेऊन थबकली. "हे काय आहे?" मी सांगितलं. तिने हातमोजे घातलेले होतेच, तरी आणखी एक जोडी चढवली. सकाळी नऊला जोडलेलं मशीन दुपारी दोनपर्यंत चालू होतं. पिशवीत फिक्या लाल रंगाचं काहीतरी साठत गेलं. शेजारच्या खोलीत तू होतीस, टक्कल केलेली, काचेच्या आत. पिशवी तुझ्याकडे नेली तेव्हा तू हात जोडलेस. मी मान फिरवली. मला वाटत होतं, त्या पिशवीत काय काय चाललंय ते तुला माहीत नाही.

आणि तरी ते दिवस, ताई, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हेही खरं. तुझ्या रक्ताचे काऊंट वर यायला लागले. रोज सकाळी तू फोनवर आकडा सांगायचीस, परीक्षेचा निकाल सांगावा तसा. काही महिन्यांनी तुझा रक्तगट बदलून माझा झाला. तू म्हणालीस, "म्हणजे आता मला डास चावला तर तो तुझं रक्त पितो." आई हसत होती आणि डोळे पुसत होती.

घरी आलीस तेव्हा आम्ही सगळे पहारेकरी झालो होतो. खिडक्या बंद, कारण समोर टॉवरचं काम चालू होतं आणि त्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाणी उकळून. फळ साल काढून. आई बेलपाड्याहून सुकट घेऊन आली की मी जिन्यातच तिला अडवायचे. "मंग तिनं खावाचं तरी काय?" ती विचारायची. "पोरीला मासं नाय, जवला नाय. भात खाऊन रगत कसं व्हईल?" तुला साधी शिंक आली तरी मी थर्मामीटर शोधायचे. रोज दुपारी दुकान बंद करून मी तुझ्याकडे यायचे आणि दारात हात धुताना आतल्या आवाजावर कान ठेवायचे. तू खोकतेस का. आजही नळाखाली हात धरला की मी ऐकते.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करत आणल्या, आणि एका दुपारी तू मला कोपर दाखवलंस. "हे बघ ना, पावडर सांडल्यासारखं काय झालंय." मी नखाने हलकेच खरवडलं. पापुद्रा निघाला, खाली सुईच्या टोकाएवढे रक्ताचे दोन ठिपके आले. मला चष्माही लागला नाही. पंचवीस वर्षं मी ते रोज बघते.

पण डॉक्टरांना भीती वेगळीच होती. माझ्या पेशींनी तुझ्या कातडीवर हल्ला सुरू केला असेल, तर तो पुढे आतड्यांवर, यकृतावरही जाऊ शकतो. त्यांनी कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. तो एक आठवडा. भावोजींनी दाढी केली नाही. आई देवापुढून उठेना. आणि मी, जिने उभ्या आयुष्यात या रोगाला शिव्या दिल्या, मी मनात म्हणत होते, सोरायसिस असू दे, देवा, नुसतं सोरायसिस असू दे.

रिपोर्ट आला. सोरायसिसच होता. भावोजी खुर्चीतून उठून डॉक्टरांचे हात धरायला गेले. तू हलली नाहीस. बाहेर आल्यावर तू मला बाजूला घेतलंस.

"तुला माहीत होतं."

"तुलाही सांगितलं होतं डॉक्टरांनी. त्याच खोलीत."

"मी ऐकलं नव्हतं. तू ऐकलं होतंस."

"ऐकलं असतंस तर काय केलं असतंस? नको म्हणाली असतीस?"

"नाही. पण मला माहीत असतं. तुझ्याकडून कळलं असतं."

यावर मी जे बोलले ते आजही माझ्या कानात आहे. मी म्हणाले, "तुझ्यासाठी हाडं फोडून घेतली मी, आणि तुला हिशेब कशाचा, तर कातडीचा." तू माझ्याकडे बघितलंस आणि रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलीस. आपलं ते भांडण तिथेच राहिलं, ताई. नंतर आपण बोललो, हसलो, जेवलो, पण ते मिटवलं नाही. बरोबर तुझंच होतं. तेव्हा मला ते म्हणता आलं नाही.

मग ते तुझ्या डोक्यात गेलं, पाठीवर गेलं, तळव्यांवर गेलं. केमोनंतर उगवलेले तुझे नवे कुरळे केस, त्यांच्या मुळाशी पांढरे थर. तुझ्या सासूबाईंनी तुझं ताट वेगळं मांडायला सुरुवात केली. तू पाहुणे आले की आत जायला लागलीस. एकदा तू मला विचारलंस, "तू नववीपासून हे कसं काढलंस गं?" आणि उत्तराची वाट न बघता उशीत तोंड घातलंस.

डॉक्टरांच्या हातात फार काही नव्हतं. गोळ्या पुन्हा वाढवल्या तर कातडी शांत झाली असती, पण कॅन्सर परतायची दारं उघडली असती. जोरदार औषधं दिली तर इन्फेक्शनची भीती. म्हणून मलमं, आणि आठवड्यातून दोनदा प्रकाशाचे उपचार, मी जिथे घ्यायचे त्याच दवाखान्यात. तुला आठवतात त्या दुपारी? तू आणि मी, दोघी काळे चष्मे लावून बाकावर, आपल्या नंबराची वाट बघत. पहिल्यांदा त्या निळ्या दिव्यांच्या कपाटात शिरताना तू घाबरलीस. मी बाहेरून आकडे मोजत होते. तू आतून म्हणालीस, "नीतू, मोठ्याने मोज. तू थांबलीस की मला वाटतं तू गेलीस." मी मोठ्याने मोजलं. बाकीचे पेशंट बघत होते. मोजत राहिले.

आणि एक दुपार. मी तुझ्या डोक्याला कोमट खोबरेल लावत होते, फणीने हळूहळू पापुद्रे सोडवत होते. तू डोळे मिटून बसलेली. अचानक म्हणालीस, "नीतू, माझ्या हळदीच्या दिवशी..."

मी म्हणाले, "राहू दे ना ताई. किती जुनं."

मला वाटलं, तुला त्रास नको. खोटं. मला भीती वाटली की तू माफी मागशील आणि मग मला माफ करावं लागेल, आणि माझी अजून तयारी नव्हती. तू पुन्हा तो विषय काढला नाहीस. तू काय बोलणार होतीस, मला माहीत नाही. कदाचित माफीबिफी काही नसेलच. कदाचित तू विचारणार होतीस की त्या दिवशी मी जेवले होते का.

दिवाळीनंतर तुझी कातडी सुधारायला लागली. इतकी भराभर, की डॉक्टरही खूश झाले, प्रकाशाचा गुण आला म्हणाले. हात स्वच्छ, पाठ स्वच्छ. तू आरशासमोर उभी राहायला लागलीस. मी मात्र तुझ्या गालांकडे बघत होते. ते गोल व्हायला लागले होते. चेहऱ्यावर एक तकाकी आली होती, ती मी आरशात पाहिलेली होती. बाविसाव्या वर्षी मीही कुणीतरी सांगितलेल्या वैदूची पुडी चार महिने घेतली होती. त्यात काय होतं ते तपासल्यावर कळलं, भरपूर स्टेरॉइड. पुडी बंद केल्यावर माझं सगळं अंग सोललं होतं. तू तेव्हा माझ्या उशाशी बसलेली होतीस, ताई. तुला ते माहीत होतं.

मंगळवार होता. तू अंघोळीला गेलीस आणि मी तुझ्या गोळ्यांच्या डब्याखालचा कप्पा उघडला. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या. करड्या रंगाच्या. तू टॉवेल गुंडाळून बाहेर आलीस तेव्हा त्या माझ्या हातात होत्या.

"कुणी दिल्या?"

"एका बाईने. तू ओळखत नाहीस."

"ताई, तुझ्यात आधीच प्रतिकारशक्ती नाही. हे घेतलंस तर साधी बुरशीही तुला मारेल. आत्ता डॉक्टरांना फोन करते."

तू माझं मनगट धरलंस. जोरात. "शुक्रवारपर्यंत थांब. आर्याच्या शाळेत दहावीचा निरोप समारंभ आहे. दोन वर्षं ती मला मास्कमध्ये आणि चादरीत बघतेय. तिच्या मैत्रिणींसमोर मला एकदा साधी आई होऊन जाऊ दे. शनिवारी मी स्वतः डॉक्टरांना सांगते. आणि यांना कळू देऊ नकोस, काळजीने खचतील."

पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं, हे मी स्वतःला सांगितलं. चार दिवसांनी काय होतंय, हेही सांगितलं. आणि ताई, मी आणखी एक केलं. तू गुरुवारी फिरोजी रंगाचं कापड आणलंस, आणि मी तुला अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज शिवून दिला. दंडाचं माप घेताना माझ्या टेपखाली तुझी कातडी गरम लागली. मी म्हणाले, बाहेर ऊन आहे म्हणून असेल. थर्मामीटर तुझ्या घरी होता. मी तो आणायला गेले नाही.

शुक्रवारी तू गेलीस. आर्याने काढलेला फोटो माझ्याकडे आहे. शनिवारी सकाळी तुला हुडहुडी भरली. दुपारी रुग्णालयाच्या दारातच, भावोजी केसपेपर काढायला गेले तेव्हा, मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, पुड्या त्यांच्या हातात दिल्या. ते एवढंच म्हणाले, "मंगळवारीच फोन करायला हवा होता." नंतर फुप्फुसात बुरशी निघाली, तेव्हा मी त्यांना गाठून विचारलं, चार दिवसांनी फरक पडला असता का. ते म्हणाले, बुरशी काही आठवड्यांपासून वाढत असणार, फरक पडला असता की नाही ते कुणालाच सांगता येणार नाही. भावोजींना द्यायचे तसंच उत्तर. आणि मीही त्यांच्यासारखीच पुढच्या डॉक्टरला तेच विचारायला गेले.

श्वासाची नळी घालायच्या आधी त्यांनी मला पाच मिनिटं आत सोडलं. गाऊन, मास्क, हातमोजे. मी काहीतरी मोठं बोलायचं ठरवून आले होते. तू धापा टाकत होतीस. म्हणालीस, "नीतू, पाठ खाजव." मी रबरी मोजे घातलेल्या हाताने तुझी पाठ खाजवली. "खाली. अजून खाली. हां." पाच मिनिटं तेवढ्यातच गेली.

काल संध्याकाळी मी तुझ्या घरी गेले. भावोजी टेबलाशी बसून तुझ्या फायली लावत होते, तारखेप्रमाणे. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मंगळवारी पुड्या मला सापडल्या होत्या, चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. सांगून झालं आणि मी भिंतीला टेकले.

त्यांनी हातातली फाईल खाली ठेवली.

"नीता, पुड्या मी आणायचो."

मला आधी कळलंच नाही.

"दर दुसऱ्या रविवारी. कंपनीतल्या एकाने पत्ता दिला होता. ती रोज रडायची. म्हणायची, मला तुमच्यासमोर कपडे बदलायची लाज वाटते. मी काय करू, सांग? तिने शपथ घातली होती, नीताला कळू द्यायचं नाही, ती लगेच डॉक्टरांना सांगेल."

म्हणजे तू मला त्यांच्यापासून लपवलंस आणि त्यांना माझ्यापासून. तेवढं आजारपण अंगावर असताना तू आम्हा दोघांचंही गुपित एकटी सांभाळत बसलीस, आणि आम्ही दोघं तुला सांभाळतोय अशा समजुतीत होतो. भावोजी म्हणाले, "मला वाटलं होतं, तुला कळलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस." मी म्हणाले, मी तेच समजून आले होते. आम्ही एकमेकांना माफ केलं, असं काही झालं नाही. ते स्वयंपाकघरात गेले, पाणी आणलं, आणि ग्लास माझ्या हातात द्यायचं विसरून स्वतःच प्यायले.

आर्या बाल्कनीच्या दारात उभी होती, हातात वाळलेले कपडे. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ती विचारेल, मावशी, तुझ्यामुळे का, बाबांमुळे का. उत्तर मी तयार ठेवलं होतं. तिने ते विचारलं नाही. कपडे सोफ्यावर ठेवले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"मावशी, हे आपल्या घरातच आहे ना? मलाही होईल का?"

ताई, तुझ्या मुलीचा आवाज अगदी सपाट होता. मला खोटं बोलायचा मोह झाला. नाही गं, काहीतरीच काय, असं म्हणणं किती सोपं होतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "होऊ शकतं. झालं तर मला त्याच दिवशी सांगायचं. आणि मी जे असेल ते तुला सांगेन."

मग तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघ्याच्या बाजूला एक लाल ठिपका होता, चण्याच्या डाळीएवढा. "चार दिवस झाले," ती म्हणाली.

डास चावला असेल. घामोळं असेल. काहीही असेल. भावोजी दारातून बघत होते. मी पर्समधून चष्मा काढला, आर्याला हाताला धरून खिडकीपाशी नेलं, पडदा पूर्ण बाजूला केला, आणि उजेडात खाली बसून नीट बघायला लागले.